‘संस्कृतीकरण झालं’ हे इंग्रजीत लिहिताना

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून झालं, प्रबंध मात्र इंग्रजीत लिहायचाय. अभ्यास माझ्याच गावाचा आहे : कालव्याचं पाणी आल्यावर आमच्या समाजात काय काय बदललं. तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलं, ‘द कम्युनिटी हॅज बीन कंप्लीटली सॅन्स्क्रिटाइज्ड आफ्टर द कनॅल.’ पुरावे चार दिले : जत्रेतलं बोकड बंद झालं, बऱ्याच घरांत माळ आली, वास्तुशांतीला भटजी आणि सत्यनारायण आला, मुली इंजिनिअरिंगला गेल्या. मॅडमनी समासात लाल पेनानं ‘बाय हूम?’ एवढंच लिहून प्रकरण परत दिलं. घरी काकांना अर्थ सांगितला तर ते भडकले, ‘म्हणजे आधी आम्ही असंस्कृत होतो का?’ हा शब्दच काढून टाकू का? आणि स्पेलिंगमध्ये एस घालायचा की झेड?
– संशोधक विद्यार्थिनी, जि. सांगली

उत्तर : आधी काकांचं बघू. त्यांचा राग चुकीच्या अर्थावर आहे, पण तोच अर्थ तुमच्याही परिच्छेदात शिरलाय, म्हणून.

खालची मानली गेलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती आणि विधी उचलते, त्या प्रक्रियेला समाजशास्त्रात ‘संस्कृतीकरण’ म्हणतात. पण हा शब्द ऐकला की मराठी माणसाला त्यात ‘संस्कृती’ दिसते. ती तिथे नाही. ‘शुद्ध’चं ‘शुद्धीकरण’ होतं तसं ‘संस्कृत’चं ‘संस्कृतीकरण’ होतं. ‘ती’ दीर्घ होतो तो व्याकरणामुळे. इंग्रजी शब्दात तर संस्कृत भाषेचं नाव सरळ समोरच आहे. म्हणजे सुसंस्कृत होणं, सुधारणं, शहाणं होणं यांतलं काहीही या शब्दात नाही. तो कौतुकाचाही नाही आणि अपमानाचाही नाही. पण तुम्ही मुलींचं इंजिनिअरिंग या यादीत घातलंत. ते तिथे का आलं, स्वतःला विचारून बघा. ‘आमचा समाज सुधारला’ ही भावना मनात होती आणि तिच्यासाठी हा भारदस्त शब्द हाताशी सापडला, असं मला दिसतं. ती नोंद तिथून उचला. इंजिनिअरिंग कॉलेज, इंग्रजी, नोकरी यांच्यासाठी, ‘संस्कृतीकरण’ हा शब्द घडवणारे समाजशास्त्रज्ञ श्रीनिवास यांनी वेगळा शब्द वापरला होता, पाश्चात्त्यीकरण, आणि दोन्ही शब्द एकाच लेखात शेजारी ठेवून त्यांतला फरक दाखवला होता. तुमच्या गावच्या मुलींसाठी तोही लागत नाही. ‘मुली इंजिनिअरिंगला जाऊ लागल्या’ हे साध्या इंग्रजीत लिहिलं तरी प्रबंधाचं वजन कमी होत नाही.

आता श्रीनिवास. म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्यांचे विद्यार्थी, पुढे ऑक्सफर्डला गेले. कूर्गच्या कोडव लोकांवरचं त्यांचं पुस्तक १९५२चं. खालच्या मानल्या गेलेल्या जातीनं मांसाहार आणि दारू सोडायची, विधी आणि देवदेवता बदलायच्या आणि एक-दोन पिढ्यांत वरची जागा मिळवायची, या प्रक्रियेला त्यांनी तिथे हे नाव दिलं. ‘ब्राह्मणीकरण’ हा शब्द त्यांच्यासमोर होता. तो त्यांनी घेतला नाही, कारण काही वैदिक विधी फक्त ब्राह्मणांचे नव्हते, इतर दोन द्विज वर्णांचे, म्हणजे क्षत्रिय आणि वैश्यांचेही होते. १९५६च्या लेखात त्यांनी कल्पना आणखी तपासली, आणि १९६६च्या पुस्तकात जी व्याख्या आली ती आज बहुतेक जण उद्धृत करतात : एखादी ‘खालची’ हिंदू जात, आदिवासी किंवा अन्य गट आपल्या चालीरीती, विधी, विचार आणि राहणी एखाद्या वरच्या, बरेचदा द्विज जातीच्या दिशेनं बदलतो ती प्रक्रिया. त्या ‘खालच्या’ शब्दाभोवती अवतरणचिन्हं श्रीनिवासांनी स्वतः घातली आहेत. तुम्ही व्याख्या उतरवाल तेव्हा ती गाळू नका. काकांना द्यायचं उत्तर त्या दोन चिन्हांत आहे. आणि व्याख्या १९६६ची घेतलीत तर तळटीपेत १९५२ टाकू नका. नोट्सवरून नोट्स उतरवताना ही गल्लत हमखास होते आणि व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मॅडमच्या ‘बाय हूम?’कडे येते. तुम्हाला तो टोमणा वाटला असेल, पण त्यांनी दोन शब्दांत पुरतं परीक्षण केलंय. आपण मराठीत बिनधास्त म्हणतो, ‘गावाचं संस्कृतीकरण झालं.’ पाऊस झाला, लग्न झालं, तसंच हेही झालं. कुणी केलं हे न सांगता मराठी वाक्य पूर्ण होतं, ऐकणाऱ्यालाही काही खटकत नाही. तेच वाक्य इंग्रजीत कर्मणीत टाकलं की समाज पाटावर बसलेला आणि त्याच्यावर कुणीतरी काहीतरी केलेलं, असं चित्र उभं राहतं. कुणी केलं? कालव्यानं? पाटबंधारे खात्यानं? श्रीनिवासांच्या कल्पनेत करणारा तो गटच असतो. तो कुणाकडे तरी बघतो, काही सोडतो, काही उचलतो. म्हणून गट कर्ता ठेवा आणि त्यानं काय केलं ते क्रियापदात सांगा. हे क्रियापद सकर्मक वापरायचंच असेल तर त्याचं कर्म विधी किंवा देवता असू द्या. गटानं आपले विधी संस्कृतप्रधान केले, हे वाक्य चालतं. श्रीनिवासांनी स्वतः तसं लिहिलंय. दैवताचं उदाहरण हवं तर लांब जायला नको. खंडोबाला मार्तंडभैरव म्हणून सांगणारं ‘मल्हारी माहात्म्य’ संस्कृतात आहे, आणि त्याच खंडोबापुढे धनगरांचं आणि वाघ्या-मुरळीचं जागरण मराठीत चालतं.

‘कंप्लीटली’ काढा. प्रक्रियेला ते क्रियाविशेषण चिकटत नाही, आणि एखादी जात ‘पूर्ण’ झाली हे ठरवणार कोण?

आता उरलेले तीन पुरावे. इथे घाई करू नका, कारण प्रबंधाचा जीव इथे आहे.

बोकड. बंद झालं म्हणता, पण बंद कुणी केलं? देवस्थानच्या ट्रस्टनं ठराव केला, तरुण मंडळाला लाज वाटायला लागली, खर्च झेपेना, की एखाद्या महाराजांच्या प्रवचनानंतर गावानं शपथ घेतली? या चारही गोष्टींचा अर्थ वेगवेगळा होतो. आणि देवळासमोरचं बंद झालं म्हणजे सगळीकडचं झालं असं धरू नका. देवीपुढे पुरणपोळीचा नैवेद्य आणि रानातल्या म्हसोबाला दुसऱ्या दिवशी बोकड, अशी विभागणी अनेक गावांत आहे. तुमच्या गावात तसं असेल तर ते लपवू नका. कुठे सोडलं आणि कुठे राखलं, यावरून लोक कुणाच्या नजरेसाठी बदलतात हे कळतं. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात वाचनीय परिच्छेद तोच होईल.

माळ हा सगळ्यात अवघड पुरावा, आणि महाराष्ट्रात काम करणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी इथे घसरतो. माळकरी माणूस मांस सोडतो, दारू सोडतो, एकादशी धरतो. व्याख्येशी पडताळून बघितलं तर सगळं जुळतं. पण तो बघतोय कुणाकडे? पंढरीच्या वाटेवर तो ज्यांचे अभंग म्हणतो त्यांत सावता माळी आहेत, नामदेव शिंपी आहेत, चोखोबा आहेत, देहूचे तुकोबा आहेत. अभंग मराठीत आहेत. त्यातून माळ बहुधा माणूस घेतो, फार तर घर घेतं. जात एकत्र बसून माळ घालत नाही. श्रीनिवासांचा शब्द मात्र गटासाठी आहे. ‘माझ्या आजोबांचं संस्कृतीकरण झालं’ हे वाक्य मराठीत जितकं चमत्कारिक, तितकंच इंग्रजीतही. याचा अर्थ माळेचा आणि संस्कृतीकरणाचा काहीच संबंध नाही असा नाही. काही गावांत माळकरी होणं हा समाजाचा मान वाढवायचा मार्ग झाला असेलही. पण ते तुम्हाला दाखवावं लागेल. ‘माळ घातल्यापासून वरच्या आळीत पाण्याचा तांब्या मिळायला लागला’ असं कुणी सांगितलं का? सांगितलं असेल तर ते वाक्य त्याच्याच शब्दांत द्या. नसेल तर माळ वारकरी भक्तीच्या नावानं वेगळी नोंदवा.

सत्यनारायण तुलनेनं भक्कम आहे, पण अर्धाच. आधी काय होत होतं ते तुम्ही सांगितलंच नाही. घरभरणीचा विधी कोण करायचं? गुरव, जंगम, घरातला कर्ता माणूस? की भटजींना बोलावणं जायचं आणि ते येत नसत? तुमच्या भागात आणखी एक गोष्ट विचारा : पणजोबांच्या वेळची लग्नं सत्यशोधक पद्धतीनं झाली होती का? फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३मध्ये स्थापन केला. भटजीविना लग्न ही त्यांच्या सभासदांनी करून दाखवलेली गोष्ट, आणि पुढे सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात ती चळवळ गावागावांत पोचली. ज्या घरात पणजोबांनी भटजी मुद्दाम टाळला त्या घरात पणतूनं सत्यनारायण घातला असेल, तर नुसतं ‘संस्कृतीकरण’ लिहून मोकळं होणं म्हणजे हाती आलेलं सोनं उकिरड्यावर टाकणं. तीन पिढ्यांत दिशा उलटी फिरली आहे. हे लिहा.

दिशा. शब्दाचा खरा भार तिच्यावर आहे. बाहेरून दिसणारी कृती तीच असते, पण बघण्याची दिशा वेगळी असते, आणि ती बदलली की शब्द लागू पडत नाही. याचं सगळ्यात ठळक उदाहरण महाडचं आहे. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी तिथे मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. डिसेंबरमधल्या परिषदेत बायकांना सांगितलं की लुगडं नेसण्याची आणि दागिन्यांची जी पद्धत अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखली जाते ती टाका, वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा. एवढंच टिपून घरी आलात तर ‘संस्कृतीकरण’ हा शब्द नक्की सुचेल. पण त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. उतरंडीत एक पायरी वर सरकायची मागणी कुणी केली नव्हती. उतरंडच नाकारली होती. नेसण्याची तऱ्हा वरच्या जातींची घेतली, पण त्या जातींना वरच्या ठरवणारं शास्त्र जाळलं. श्रीनिवासांचा लेख १९५६च्या ऑगस्टमधला आणि नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षी १४ ऑक्टोबरची, हा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. अस्पृश्य ठरवलेल्यांना या मार्गानं ती रेषा ओलांडता येत नाही, हे श्रीनिवासांच्याही लक्षात आलं होतं.

ओवेन लिंच या अभ्यासकानं आग्र्याच्या जाटव या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजावर १९६९मध्ये पुस्तक लिहिलं. या समाजानं आधी क्षत्रियत्वाचा दावा केला, राहणी बदलली. पुढे तो मार्ग सोडून राजकारण आणि आंबेडकरी विचार धरला. एकाच समाजाच्या गोष्टीत शब्द एका टप्प्यावर लागू पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही. म्हणून अख्ख्या तीन-चार दशकांवर एकच शब्द पांघरू नका. कोणत्या काळात, ते लिहा.

आणखी एक धागा तुमच्या प्रकरणात मुळीच नाही : दावा. श्रीनिवास सांगतात की राहणी बदलल्यावर सहसा वरच्या जागेचा दावा येतो, आणि तो आजूबाजूच्यांनी मान्य करायला एक-दोन पिढ्या जातात. म्हणजे पुरावा शेजारच्या आळीतही शोधावा लागतो. तुम्ही मुलाखती फक्त आपल्या समाजाच्या घेतल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, कारण वरच्या आळीचं एकही वाक्य तुमच्या पत्रात नाही. मान्यता सहज मिळत नाही, हे तुमच्या शेजारच्या कोल्हापूरएवढं कुठे दिसणार? १८९९मध्ये पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानाला खुद्द शाहू महाराजांसाठी द्विजांच्या वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानलेले पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, कारण पुरोहित त्यांना क्षत्रिय मानायला तयार नव्हते. गादीवरच्या राजाची ही गत. त्यावरून पेटलेला वाद वर्षानुवर्षं धुमसला.

दाव्यांचे कागदोपत्री पुरावेही सापडतात. १९०१च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्लेनं जातींची सामाजिक मानाप्रमाणे क्रमवारी लावायला घेतली, तेव्हा आम्हाला वर दाखवा म्हणून जातीजातींचे अर्ज सरकारदरबारी गेले. जातीच्या सभांचे ठराव, ज्ञातिमासिकं, वधुवर सूचक पुस्तिका, बदललेली आडनावं यांतही तेच सापडतं. तुमच्या समाजाची सभा असेल तर तिच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर असणार. काकांनाच विचारा; चिडलेला माणूस अशा वेळी फार उपयोगी पडतो.

व्हायव्हात एक प्रश्न येऊ शकतो, म्हणून तोही सांगून टाकते. एका काळी कुणबी म्हणून नोंद असलेली घरं मराठा म्हणवून घेऊ लागली, आणि २०२३पासून मराठा आंदोलनात कुणबी नोंदी शोधून दाखले मिळवण्याची धडपड चाललीय. याला ‘उलटं संस्कृतीकरण’ म्हणावं का, असं कुणीतरी विचारेलच. मी म्हणणार नाही. पहिल्या गोष्टीत शेजाऱ्यांकडून मान मिळवायचा होता. दुसरीत सरकारकडून आरक्षणाचा प्रवर्ग मिळवायचाय, त्यासाठी कुणी मटण सोडत नाही की धरत नाही. मागणी वेगळी, देणारा वेगळा. ‘उलटं’ जोडून जुना शब्द ताणण्यापेक्षा जे घडतंय तेच इंग्रजीत सरळ लिहावं.

मग शब्द ठेवायचा की काढायचा? श्रीनिवासांनी १९५६मध्येच लिहून ठेवलंय की विश्लेषणात या शब्दाची मदत होण्याऐवजी अडचण होतेय असं दिसलं तर तो झटकन आणि हळहळ न वाटता टाकून द्यावा. शब्द घडवणाऱ्यानंच मोकळीक दिली आहे. माझं मत विचाराल तर ठेवा, पण प्रकरणाच्या सुरुवातीला नको. आधी घडलं ते साध्या क्रियापदांत मांडा : अमुक दशकापासून अमुक घरांनी घरभरणीला ब्राह्मण पुरोहित बोलावायला सुरुवात केली, आधी हा विधी अमुक करत, गावदेवीपुढचा बळी अमुक साली अमुक कारणानं थांबला, रानातला चालू आहे. इंग्रजीत ‘बिगॅन टू इन्व्हाइट’, ‘गेव्ह अप’, ‘स्टॉप्ड’ इतकी साधी क्रियापदं पुरतात. मग एक वाक्य टाका की यांतल्या अमुक बदलांना श्रीनिवासांच्या अर्थानं हा शब्द लावता येईल, अमुकांना येणार नाही, आणि का. शब्द त्या एका वाक्यात आला तरी पुरे. सध्या तो तुमच्या प्रकरणात पानोपानी येत असेल तर बहुतेक ठिकाणी तो ‘बदल’ या अर्थानंच आलेला असणार. तिथे ‘चेंज’ लिहा, बिनदिक्कत.

वाक्यरचनेतल्या बारीक गोष्टी. हे नाम अगणनीय आहे, त्याचं अनेकवचन करू नका आणि त्याआधी ‘अ’ हे उपपद लावू नका. सर्वसाधारण प्रक्रियेबद्दल बोलताना ‘द’ही नको, ठरावीक गटाच्या किंवा विधीच्या संदर्भात ‘द सॅन्स्क्रिटायझेशन ऑफ’ बरोबर. ‘सॅन्स्क्रिटाइज्ड मराठी’ हा प्रयोग भाषेच्या अभ्यासात चालतो, पण त्याचा अर्थ तत्सम शब्दांनी भरलेली मराठी. एकाच प्रकरणात दोन्ही अर्थ आणू नका. पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा, कारण आत भाषेचं विशेषनाम आहे. एस आणि झेड दोन्ही बरोबर. झेड म्हणजे अमेरिकन असं आपल्याकडे ठोकून सांगितलं जातं, पण ऑक्सफर्डची स्वतःची पद्धत झेडचीच आहे आणि श्रीनिवासांनीही झेडच वापरला. विद्यापीठाची नियमावली काही सांगत असेल तर ती पाळा. एस धरलात तर ‘मॉडर्नायझेशन’, ‘वेस्टर्नायझेशन’ही एसनंच लिहा. अवतरणात मात्र मूळ लेखकाचा झेड तसाच ठेवा. ‘रिप्लेस ऑल’ दाबलंत की तोही बदलतो, तेवढं सांभाळा.